घराबाहेरून घरात : महाराष्ट्रातील गृहशौचकूपाचे स्थान आणि त्याचा सामाजिक इतिहास

महाराष्ट्रातील गृहरचनेचे वर्णन करताना ओटी, पडवी, माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर यांचा विचार अभ्यासकांनी तपशिलाने केला आहे. गोठा, बळद आणि तळघर यांनाही या वर्णनांत स्थान मिळते. शौचकूपाचा उल्लेख मात्र बहुधा एका वाक्यात आटोपला जातो, किंवा मुळीच येत नाही. विषय शिष्टसंमत नाही, हे याचे एक कारण होय. परंतु घराच्या सर्व भागांत ज्याची जागा सर्वांत अधिक वेळा बदलली असा भाग हाच आहे. तो आरंभी गावाबाहेर होता. तेथून परसात, परसातून वाड्याच्या मागील भिंतीशी, तेथून चाळीच्या सज्जाच्या टोकाला, आणि अखेरीस निजण्याच्या खोलीला लागून, असा त्याचा प्रवास झाला. या प्रवासाची कारणे शोधणे म्हणजे घराच्या आणि घराबाहेरच्या समाजाच्या संबंधांचा शोध घेणे होय.

नळाचे पाणी आले म्हणून शौचकूप घरात आला, असे या प्रवासाचे कारण सामान्यतः सांगितले जाते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. मुंबईत तलावाचे पाणी नळाने आल्यानंतरही कित्येक दशके बहुसंख्य घरांतील शौचकूप टोपलीचेच राहिले. उलट, नळ नसलेल्या पेशवाईतील वाड्यांत शौचकूप वाड्याच्या आवारात आलेला होता. पाण्याच्या बरोबरीने दुसरा एक प्रश्न विचारल्याशिवाय या विसंगतीचा उलगडा होत नाही. मैला कोणी उचलावयाचा आणि त्या मनुष्याने घराला कोणत्या बाजूने स्पर्श करावयाचा, हा तो प्रश्न. शौचकूपाचे स्थान दीर्घकाळ या प्रश्नाच्या उत्तराने ठरत आले, हे प्रस्तुत निबंधात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१. शब्दांची साक्ष

या विषयावरील पहिला पुरावा भाषेतच सापडतो. मराठीत शौचाला जाण्यासाठी जे पर्यायी शब्दप्रयोग रूढ झाले, त्यांतील बहुतेक दिशावाचक आहेत. ‘परसाकडे जाणे’, ‘बहिर्दिशेस जाणे’, ‘दिशेला जाणे’, ‘बाहेर जाऊन येणे’, ‘झाड्याला जाणे’ हे सर्व प्रयोग घरापासून दूर नेणारे आहेत. गावाच्या कडेला या कामासाठी राखलेल्या जागेला ‘हागणदारी’ हा रोखठोक शब्द होता. विदर्भाकडे ‘गोदरी’ हाही शब्द प्रचारात आहे. क्रिया घराबाहेर होत असल्याने तिचे नाव जागेवरून पडले, आणि जागा नाहीशी झाल्यावरही नाव टिकले. पाचव्या मजल्यावरील सदनिकेत राहणारा वृद्ध मनुष्य अजूनही ‘परसाकडे जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा परसू केव्हाच नाहीसे झालेले असते.

याच्या उलट घराच्या आवारातील शौचकूपासाठी जो शब्द रूढ झाला, तो बाहेरून आलेला आहे. ‘शेतखाना’ या शब्दाचा ‘शेत’ या मराठी शब्दाशी संबंध नाही. तो फारसीतून आला असून त्याचे मूळ रूप ‘सेहतखाना’, म्हणजे आरोग्याचे घर, असे आहे. मोल्सवर्थच्या कोशात तो नोंदलेला आहे. दरबारी आणि नागर संस्कृतीबरोबर आलेल्या वस्तूला दरबारी भाषेतील नाव मिळावे, हे स्वाभाविक होते. घरातील शौचकूप हा ग्रामीण जीवनातून उगवलेला नसून किल्ला, वाडा आणि शहर यांच्याबरोबर आला, याचे हे भाषिक गमक मानता येईल.

२. प्राचीन पुरावा

घरातील शौचकूप ही या उपखंडात सर्वस्वी नवीन गोष्ट नव्हे. मोहेंजोदडो येथील उत्खननाचे वृत्तांत मार्शल यांनी १९३१ मध्ये व मॅके यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत घरांतील विटांच्या न्हाण्या, काही घरांतील शौचस्थाने, भिंतीतून खाली उतरणाऱ्या मोऱ्या आणि त्यांना मिळणारी रस्त्यावरील झाकलेली गटारे यांचे वर्णन आहे. गुजरातमधील लोथल येथे शि. रं. राव यांनी १९५५ पासून केलेल्या उत्खननातही न्हाण्या व गटारे यांची अशीच जोडणी आढळली. इसवी सनापूर्वी दोन हजार वर्षांच्याही आधी जी सोय काही नगरांतील घरांत होती, ती पुढील नगरांत सलगपणे टिकली नाही. म्हणून या विषयाचा इतिहास मागासलेपणाकडून प्रगतीकडे जाणाऱ्या सरळ रेषेत मांडता येत नाही.

ऐतिहासिक काळातील ग्रंथांत दोन भिन्न प्रवाह दिसतात. धर्मशास्त्राचा कल शौचस्थान निवासापासून दूर ठेवण्याकडे आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मलमूत्रोत्सर्ग कोठे करू नये, दिवसा व रात्री तोंड कोणत्या दिशेस असावे आणि ही क्रिया घरापासून दूर व्हावी, यांविषयीचे नियम आहेत. पाचव्या अध्यायात मृत्तिका व जल यांनी करावयाच्या शुद्धीचे नियम येतात. या व्यवस्थेत मैला उचलणारा दुसरा मनुष्य गृहीत धरलेला नाही. शेत, ऊन आणि माती हेच त्याची वासलात लावतात.

दुसरा प्रवाह नगराचा व संघाचा आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरबांधणीच्या नियमांमध्ये अवस्कर, जलमार्ग आणि विहीर यांचा एकत्र विचार केलेला असून बाळंतिणीसाठी दहा दिवसांपुरत्या केलेल्या खड्ड्याला सामान्य नियमातून सूट दिलेली आहे. बौद्ध विनयपिटकातील चुल्लवग्गात ‘वच्चकुटी’चे नियम अधिक विस्ताराने येतात. विहाराच्या आवारात भिक्षूंनी वाटेल तेथे घाण करू नये म्हणून एक स्थान नेमले गेले; त्याला खड्डा, पाय ठेवण्यासाठी आधार, झाकण आणि आडोसा यांची जोड मिळाली. आत जाण्यापूर्वी बाहेरून खाकरावे, असा दंडक घालण्यात आला. ज्येष्ठतेच्या क्रमाने आत जाण्याची चाल नव्या भिक्षूंना त्रासदायक ठरल्यामुळे ‘जो आधी येईल तो आधी जाईल’ असा नियम झाला. वच्चकुटी घाण झालेली दिसल्यास भिक्षूनेच ती स्वच्छ करावी, अशीही अपेक्षा तेथे आहे. वापरणारा व स्वच्छ करणारा या दोघांत भेद न करणारी ही व्यवस्था पुढील काळातील गृहस्थाच्या घरात उतरली नाही, ही गोष्ट लक्षणीय होय.

३. गाव, गड आणि वाडा

महाराष्ट्रातील गावगाड्याच्या रचनेत या विषयाच्या दृष्टीने एक महत्त्वाची अनुपस्थिती आढळते. बारा बलुतेदारांच्या याद्या प्रांतपरत्वे बदलतात. पण सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, चांभार अशा या याद्यांत शौचकूप साफ करणारा बलुतेदार नाही. महारांकडे मेलेली जनावरे ओढण्यापासून गावची राखण करण्यापर्यंत अनेक कष्टाची व अवमानाची कामे लादलेली होती. मैला वाहणे हे मात्र त्यांच्या वतनी कर्तव्यांत नव्हते. गावात शौचकूपच नव्हते, तेव्हा ते साफ करण्याचे कामही नव्हते. मैला वाहणे हा अनादिकालापासून चालत आलेला ग्रामधर्म होय, ही समजूत निदान महाराष्ट्राच्या गावापुरती टिकत नाही. ते काम शहराने निर्माण केले.

शौचकूप प्रथम आवाराच्या आत आला तो ज्यांना बाहेर जाणे शक्य नव्हते किंवा शोभत नव्हते, त्यांच्यासाठी. रायगडावर राणीवशाच्या अवशेषांत शौचकूप आजही दाखविले जातात. वेढ्याच्या प्रसंगी गडावरील शिबंदीला खाली उतरता येत नसे आणि राणीवशातील स्त्रियांना उघड्यावर जाता येत नसे. ही दोन्ही कारणे तेथे एकत्र आली. पुढे पुण्यातील व अन्य नगरांतील वाड्यांत हीच योजना गृहस्थाच्या प्रमाणावर आली. दिवसाउजेडी बाहेर न पडणाऱ्या घरंदाज स्त्रिया, बाळंतिणी, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी शेतखाना आवश्यक झाला. ज्या घरांना तो परवडत नव्हता, तेथील स्त्रियांना पहाटेच्या किंवा दिवेलागणीनंतरच्या अंधाराची वाट पाहावी लागे. शौचकूपाचे अंतर पुरुषापेक्षा स्त्रीला अधिक लांबचे होते.

वाड्यातील शेतखान्याची जागा अभ्यासण्यासारखी आहे. देवघर, स्वयंपाकघर व विहीर यांपासून तो शक्य तितका दूर, गोठ्याच्या पलीकडे, मागील भिंतीला लागून असे. त्याची बैठक उंचावर असून खाली टोपली किंवा डबा ठेवण्याची पोकळी असे, आणि या पोकळीचे तोंड मागील बोळाकडे उघडत असे. घरातील मनुष्य आतून वर चढत असे. मैला नेणारा मनुष्य बाहेरून खाली वाकत असे. दोघांची गाठ पडू नये अशी ही योजना होती. सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेला धक्का न लावता शौचकूप घराजवळ आणण्याची युक्ती या दोन तोंडांच्या रचनेत साधली गेली. वाड्याचा दर्शनी दरवाजा जसा घराण्याची प्रतिष्ठा सांगतो, तसे मागील भिंतीतील हे लहान तोंड त्या प्रतिष्ठेचा आधार कोणाच्या श्रमावर होता ते सांगते.

४. मुंबईची गल्ली

शहर दाट होऊ लागले तेव्हा वाड्यामागील बोळाची जागा इमारतींमधील चिंचोळ्या गल्लीने घेतली. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत दोन घरांच्या भिंतींमध्ये जेमतेम माणूस शिरेल एवढी फट सोडलेली असे. शौचकूपांची खालची तोंडे आणि मोऱ्यांचे पाणी या फटीत उतरत असे, आणि त्याच वाटेने टोपल्या बाहेर काढल्या जात. डॉ. अँड्रू लीथ यांनी १८६४ मध्ये मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीविषयी सादर केलेल्या अहवालात या गल्ल्यांची दुरवस्था नमूद आहे. पुढे नगरपालिकेच्या भाषेत ‘हाऊस गल्ली’ हा शब्दच रूढ झाला. दक्षिण व मध्य मुंबईतील जुन्या वस्त्यांत या गल्ल्या अजून पाहावयास मिळतात.

या गल्लीतून काम करणाऱ्यांना ‘हलालखोर’ म्हणत. ‘कष्टाचे, न्याय्य मिळवून खाणारा’ असा या शब्दाचा अर्थ होतो. सफाई करणाऱ्यांना हे नाव अकबराने रूढ केल्याची नोंद ऐन-इ-अकबरीत आहे. नाव सन्मानाचे असले तरी जिणे तसे नव्हते. मुंबईतील हलालखोर प्रामुख्याने गुजरात व काठियावाड या भागांतून आले होते. दख्खनमधून आलेले महार कामगार मुख्यतः रस्ते झाडण्याच्या कामावर होते. ज्या श्रमाला महाराष्ट्राच्या गावगाड्यात स्थान नव्हते, त्याच्यासाठी वाढत्या शहराने दुसऱ्या प्रांतातून माणसे आणली, हे वर सांगितलेल्या अनुमानाला पुष्टी देणारे आहे.

आरंभी हलालखोर व घरमालक यांचा व्यवहार परस्पर असे. नगरपालिकेने हे काम आपल्या हाती घेतल्यावर त्याचा खर्च ‘हलालखोर कर’ या नावाने वसूल होऊ लागला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात हा कर समाविष्ट आहे. सफाईचे काम करणाऱ्या समाजाचे नाव करपावतीवर छापले गेले, पण त्या समाजाचे स्थान बदलले नाही. उलट, त्याच्या श्रमावर शहर किती अवलंबून आहे हे प्रशासनाला पुरते उमगले होते. मुंबई नगरपालिका सेवकांविषयीच्या १८९० च्या कायद्यान्वये लोकांच्या आरोग्याशी निगडित अशा कामांवरील नोकरांनी पूर्वसूचनेशिवाय काम सोडणे हा गुन्हा ठरला. रूढीने जे बंधन घातले होते, त्याला आता कायद्याची जोड मिळाली.

घरातील शौचकूप हे प्रतिष्ठेचे चिन्ह असले तरी ते स्वच्छतेचे चिन्ह होतेच असे नाही. काठियावाडातील राजकोट येथे १८९६ मध्ये प्लेगच्या धास्तीने नेमलेल्या समितीत मोहनदास गांधी होते. त्यांनी आत्मकथेत आपल्या पाहणीचा वृत्तान्त दिला आहे. संपन्न घरांतील शौचकूप काळोखे व दुर्गंधीयुक्त आढळले. अस्पृश्यांच्या वस्तीत शौचकूपच नव्हते आणि घरे मात्र सारवलेली, नीटनेटकी होती. शौचकूप ही थोरामोठ्यांची चैन असून आपण बाहेर जातो, असे तेथील लोकांनी सांगितल्याचे त्यांनी नमूद केले आहे. शौचकूप घराजवळ आणणाऱ्याने त्याची स्वच्छता दुसऱ्यावर सोपविली की काय होते, हे या प्रसंगावरून स्पष्ट व्हावे.

५. पाणी आले, टोपली राहिली

जलवाहित शौचकूपाचा विकास इंग्लंडमध्ये झाला. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये वाकड्या नळीचे एकस्व घेतले. नळीच्या वळणात साचून राहणाऱ्या पाण्यामुळे गटारातील दुर्गंधी खोलीत येणे थांबले. या लहानशा युक्तीमुळेच शौचकूप राहत्या घरात आणणे शक्य झाले. एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालानंतर आणि १८५८ मधील थेम्स नदीच्या असह्य दुर्गंधीनंतर लंडनमध्ये मोठ्या भुयारी गटारांची उभारणी झाली. त्याच सुमारास हेन्री मूल या पाद्र्याने १८६० मध्ये कोरड्या मातीने मैला झाकणाऱ्या शौचकूपाचे एकस्व घेतले. ही कोरडी पद्धत हिंदुस्थानातील तुरुंग व बराकी यांत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली. एकाच साम्राज्यात राजधानीला पाणी आणि वसाहतीला माती व टोपली, अशी विभागणी झाली. वसाहतीत माणसाचे श्रम पाण्यापेक्षा स्वस्त पडत होते, हे या विभागणीचे प्रमुख कारण होय.

मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मिळू लागले; तुळशीचे १८७९ मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये. भुयारी गटारांच्या योजनाही एकामागून एक आखल्या गेल्या. तरीही टोपलीचे शौचकूप हटले नाहीत. घरमालकाला नळजोडणी व बांधकामातील फेरफार यांचा खर्च करावा लागे. हलालखोर कर त्या मानाने हलका होता. भाडेकरूंनी गच्च भरलेल्या इमारतीत असा खर्च करण्याची मालकाला इच्छा नव्हती, आणि गल्लीतून येणारा कामगार दृष्टीआड असल्याने भाडेकरूंचाही तसा आग्रह नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’, स्थापन झाले. त्यानंतरच जुन्या गल्ल्या मोडून नवी रचना करण्याच्या कामाला गती आली.

या काळातील कामगारांचे घर म्हणजे चाळ. चाळीतील शौचकूप घराबाहेर असतो आणि इमारतीच्या आतही असतो. म्हणून या इतिहासात चाळीला विशेष महत्त्व आहे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक मजल्यावर २०, आणि मजल्यावरील सर्व कुटुंबांसाठी सामायिक शौचकूप, अशी त्यांची रचना होती. मोरी खोलीत आली, पण शौचकूप सज्जाच्या टोकालाच राहिला. सकाळची रांग, हातातील बादली किंवा टमरेल, आणि रात्री अपरात्री लहान मुलाला सोबत नेण्याची यातायात या गोष्टी चाळीच्या जीवनाचा भाग झाल्या. शौचकूप सामायिक असल्याने त्याची स्वच्छता कोणत्याच कुटुंबाची नव्हती. त्यासाठी पुन्हा त्याच समाजाचा मनुष्य येत असे. फक्त त्याच्या हातात टोपलीऐवजी खराटा आला होता.

६. ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’

शौचकूप एका कुटुंबाच्या दाराआड आला तो मुंबईच्या दादर, माटुंगा या नव्या उपनगरांतील सदनिकांत. इंप्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या या वसाहतींत १९३० नंतर मध्यमवर्गासाठी मोठ्या प्रमाणावर इमारती उभ्या राहिल्या. स्वतंत्र न्हाणीघर व स्वतंत्र शौचकूप असलेल्या जागेला ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’ म्हणू लागले, आणि चाळीतून ब्लॉकमध्ये जाणे हे मध्यमवर्गीय उत्कर्षाचे माप ठरले. निखिल राव यांनी मुंबईच्या उपनगरांतील सदनिकाजीवनावर लिहिलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात या स्थित्यंतराची चिकित्सा केली आहे. स्वयंपाकघर आणि शौचकूप एकाच छपराखाली येणे उच्चवर्णीय कुटुंबांच्या विटाळाच्या कल्पनांना पेलणारे नव्हते; जलवाहित व्यवस्थेने आणि नव्या नागर प्रतिष्ठेने ही अडचण हळूहळू दूर केली, असे या चिकित्सेतून दिसून येते.

तडजोडीच्या खुणा मात्र नकाशात शिल्लक राहिल्या. इंग्रजी पद्धतीत न्हाणीघर व शौचकूप एका खोलीत असत. येथे दोन्हींना वेगळी दारे ठेवण्यात आली. शौचकूप सदनिकेच्या मागील अंगाला ठेवण्यात आला. त्याची खिडकी दोन इमारतींमधील मोकळ्या जागेत उघडत असे, आणि ही जागा जुन्या हाऊस गल्लीचीच वारस होती. झाडूवाला घरातून न जाता परस्पर वर यावा म्हणून कित्येक इमारतींना मागून लोखंडी गोल जिना जोडण्यात आला. ज्या घरात मैला माणसाने वाहण्याची गरज संपली होती, त्या घरानेही सफाई करणाऱ्याची वाट वेगळीच राखली. तंत्र बदलल्याने रूढी आपोआप बदलत नाही, याचे हे उदाहरण होय.

७. मातीचा पर्याय

शहरातील प्रश्न पाण्याने सोडविण्याचा प्रयत्न होत असता कोकणात एक वेगळा प्रयोग झाला. ज्या कोरड्या पद्धतीला तुरुंगाने जातीच्या आधारावर राबविले होते, तिच्याशी अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांचा संबंध तुरुंगातच आला. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. हे काम जातीनुसार ठरलेल्या कैद्यांनीच करावयाचे, या कारणास्तव ती नाकारण्यात आली. अप्पासाहेबांच्या सत्याग्रहाला पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपवास आरंभिला. मैला उचलणे हे जन्माने ठरणारे काम आहे की कोणीही करावयाचे काम आहे, हा प्रश्न या प्रसंगाने राष्ट्रीय चर्चेत आला.

पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापून अप्पासाहेबांनी ‘गोपुरी संडास’ प्रचारात आणला. मैला माती व पालापाचोळा यांखाली कुजवून त्याचे निर्गंध खत करावयाचे आणि ते वापरणाऱ्यानेच शेतात न्यावयाचे, असा या योजनेचा गाभा होता. मराठी शेतकऱ्याला ‘सोनखत’ हा शब्द अपरिचित नव्हता. पुण्याभोवतालच्या उसाच्या मळ्यांत नगरपालिकेचे मैलाखत एकोणिसाव्या शतकातच वापरले जात होते. अप्पासाहेबांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी खताच्या उपयुक्ततेपासून सफाईच्या दास्याचा प्रश्न वेगळा केला नाही. भुयारी गटार परवडत नसलेल्या गावातही शौचकूप घराजवळ यावा, आणि तरीही त्याच्यामागे दुसरा मनुष्य उभा राहू नये, ही त्यांची भूमिका होती. विनयपिटकातील वच्चकुटीचे तत्त्व येथे गृहस्थाच्या दारात आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

शासनाच्या पातळीवरही याच सुमारास विचार सुरू झाला. मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या जीवनमानाची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये सादर झाला. केंद्र सरकारने १९५७ मध्ये नेमलेल्या मलकानी समितीने १९६० मध्ये आपला अहवाल दिला. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद करावी आणि कोरडे शौचकूप बदलून घ्यावेत, अशी या शिफारशींची दिशा होती. खाजगी शौचकूपांवरील सफाई कामगारांच्या रूढ हक्कांची चौकशी करणारी दुसरी समिती मलकानी यांच्याच अध्यक्षतेखाली १९६५ मध्ये नेमली गेली. हे हक्क म्हणजे विशिष्ट घरांचा मैला काढण्याची मक्तेदारी. निर्वाहाचे दुसरे साधन नसल्याने कामगारांना स्वतःच्या बंधनालाच मालमत्ता मानावे लागत होते. पुढे १९७० पासून बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेने दोन शोषखड्ड्यांच्या शौचकूपाचा देशभर प्रसार केला. एक खड्डा भरल्यावर दुसरा वापरावयाचा, तोवर पहिल्यातील मैल्याची माती होते. थोडे पाणी पुरते आणि ओला मैला कोणाला उचलावा लागत नाही.

८. आत आलेला शौचकूप आणि बाहेर राहिलेला मनुष्य

माणसाकडून मैला उचलून घेण्यास व कोरडे शौचकूप बांधण्यास मनाई करणारा कायदा संसदेने १९९३ मध्ये केला. अधिक व्यापक असा दुसरा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यात गटारे व सेप्टिक टाक्या यांच्या धोकादायक सफाईचाही समावेश करण्यात आला. तरीही २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ७ लाख ९४ हजार शौचकूपांतील मैला माणसांकडून काढला जात असल्याची नोंद झाली होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील ५३.१ टक्के कुटुंबांच्या आवारात शौचकूप होता, १२.९ टक्के कुटुंबे सार्वजनिक शौचकूप वापरीत होती, आणि ३४ टक्के उघड्यावर जात होती. सार्वजनिक शौचकूप वापरणाऱ्यांचे देशातील प्रमाण ३.२ टक्के होते. महाराष्ट्राचा आकडा त्याच्या चौपट असावा, यात या राज्यातील नागरीकरणाची, दाट झोपडवस्त्यांची आणि चाळींची छाया स्पष्ट दिसते.

राज्य शासनाने २००० च्या सुमारास संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वच्छ भारत अभियान हाती घेतले. या अभियानांनी ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द शासकीय परिभाषेत आणला आणि घरोघरी शौचकूप बांधले गेले. पण जेथे भुयारी गटार नाही, तेथे शौचकूपाखाली टाकी किंवा खड्डा असतो, आणि टाकी केव्हातरी भरतेच. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निर्णयात, १९९३ पासून गटारे व टाक्या साफ करताना मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. अशा मृत्यूंसाठी ही रक्कम २०२३ मध्ये ३० लाख करण्यात आली. भरपाई तिपटीने वाढवावी लागली, यातच मृत्यू थांबलेले नव्हते याची कबुली आहे.

या सर्व पुराव्याचा एकत्र विचार केला असता शौचकूपाच्या स्थानांतराचे तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात तो घरापासून दूर होता आणि निसर्गच मैल्याची वासलात लावीत असे. दुसऱ्यात तो घराच्या मागील भिंतीशी आला. हे जवळ येणे एका समाजाला बोळात उभे करूनच साध्य झाले. तिसऱ्यात तो घराच्या आत आला आणि कामगार जमिनीखाली गेला. गृहस्थाच्या दृष्टीने पाहता हा सोयीच्या वाढीचा इतिहास आहे, आणि विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत ती सोय क्षुल्लक मानता येणार नाही. परंतु मागील भिंतीच्या पलीकडून पाहता याच इतिहासाचा अर्थ बदलतो. म्हणून गृहरचनेच्या अभ्यासकाने जुन्या वाड्याचा वा चाळीचा नकाशा काढताना दर्शनी दरवाज्यापाशी थांबू नये. मागील बोळातील ते लहान तोंड, हाऊस गल्लीची रुंदी, सदनिकेचा लोखंडी जिना आणि आजच्या इमारतीच्या आवारातील टाकीचे झाकण यांची मापेही त्याने नोंदवावीत. शौचकूप घरात येण्याची किंमत कोणी दिली, ते या मापांवरून कळते.